चार बाय सातचं बाथरूम नवं करताना: हातोडा पडायच्या आधी काय ठरवायचं

मुंबई, ठाणे, पुण्याकडच्या वन बीएचके-टू बीएचके फ्लॅटमधलं बाथरूम बहुतेक वेळा ४ फूट बाय ७ फुटांच्या आसपास असतं. एवढ्या जागेत अंघोळ, कमोड, बेसिन, कपड्यांच्या बादल्या आणि पुष्कळदा वॉशिंग मशीनही बसवायचं असतं. काम काढायचं ठरलं की घरातले पहिल्यांदा टाइल्सच्या दुकानात जातात. तिथेच क्रम चुकतो. टाइल हा शेवटचा थर. पाणी कुठून येणार, कुठे जाणार आणि वाटेत कुठे मुरणार हे आधी ठरवावं लागतं आणि पैसाही आधी तिथे घालावा लागतो, कारण टाइल्सच्या मागची चूक दुरुस्त करायला पुन्हा सगळं फोडावं लागतं.

गळती असेल तर आधी तिचा उगम

खालच्या घराच्या छतावर ओल दिसते म्हणून काम काढलं असेल तर ती ओल कशामुळे आहे ते फोडण्यापूर्वीच पाहा. बाथरूमला जाणारा व्हॉल्व्ह चालू ठेवून दोन-तीन दिवस बाथरूम अजिबात वापरू नका. तरी खाली ओल वाढत असेल तर भिंतीतली दाबाची लाइन गळते आहे. ओल सुकायला लागली तर दोष सांडपाण्याच्या लाइनमध्ये, नाहणी ट्रॅपच्या (जाळीखालचं, पाणी धरून ठेवणारं भांडं) सांध्यात किंवा जमिनीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये आहे. मग ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करून फरशीवर रंग कालवलेलं दोन इंच पाणी उभं करा. खाली तोच रंग उतरला तर फरशीतून झिरपतंय. उतरला नाही, पण ट्रॅप उघडून तेच पाणी सोडल्यावर उतरला, तर पाइपचा सांधा गेलाय. दोन-तीन दिवसांच्या या तपासणीवरून कळतं की कोबा (फरशीखालचा भराव) काढायचाच आहे, की एक सांधा बदलून भागेल.

सोसायटी आणि खालचं घर

सोसायटीला लेखी पत्र द्या. त्यात कामाचं स्वरूप, अंदाजे दिवस, कंत्राटदाराचं नाव आणि डेब्रिज (राडारोडा) कुठे ठेवणार ते लिहा. पुष्कळ सोसायट्या अनामत रक्कम घेतात आणि ठोकाठोकीच्या वेळा ठरवून देतात. दुपारचे दोन-तीन तास शांतता असेल तर कामाचे दिवस वाढतात, ते वेळापत्रकात धरा. बाहेरची सामाईक ड्रेनेज लाइन सोसायटीच्या अखत्यारीत येते. तुमच्या बाथरूमच्या आतून होणारी गळती मात्र तुमच्या खर्चाने दुरुस्त करायची असते.

बांधकाम जुनं असेल तर स्लॅब खाली सोडलेला आहे का, ते आधी तपासा. असा खाली सोडलेला, म्हणजे संकन स्लॅब असेल तर ट्रॅप आणि पाइप तुमच्याच फरशीखाली, वीटतुकड्यांच्या कोब्यात असतात. स्लॅब सपाट असेल तर तुमचा ट्रॅप खालच्यांच्या छताला लटकलेला असतो आणि त्यांच्या घरात माणूस गेल्याशिवाय तुमचं काम होत नाही. खालच्या छताचे फोटो कामाआधी काढून दोघांकडे ठेवा.

कागदावरचं बाथरूम

४ बाय ७ म्हणजे ४८ बाय ८४ इंच, पण तयार टाइल्सच्या आत माप घेतलं तर प्रत्येक बाजूला साधारण एक इंच जातो. हातात उरतात ४६ बाय ८२. लांबीच्या भिंतीवर दारापाशी बेसिनला १८ इंच, कमोडला ३० इंच (मध्यापासून दोन्हीकडे १५-१५) आणि शेवटी खिडकीखाली अंघोळीला ३४ इंच, अशी वाटणी नीट बसते. कमोड भिंतीपासून २६ इंच पुढे येत असेल तर समोर २० इंच राहतात. चालतं, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला अडचणीचं होतं. म्हणून लहान बाथरूमला २४ इंची कमोड शोधा. वॉल हंग (भिंतीला टांगलेल्या) कमोडने जागा वाचते हा समज नेहमी खरा ठरत नाही: लपवलेल्या टाकीसाठी भिंतीपुढे पाच-सहा इंचांचा कट्टा बांधावा लागला तर वाचलेली जागा तिथेच जाते. त्याचा खरा फायदा म्हणजे खालची फरशी सहज पुसता येते.

आहे त्याच जागी कमोड ठेवणं सगळ्यात सुरक्षित. मलवाहिनीचा उभा पाइप डक्टमध्ये (पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीत) पक्का असतो. कमोड त्यापासून जितका लांब, तितका उतार जास्त लागतो. चार इंची पाइपला फुटाला पाव इंच उतार धरला तर पाच फुटांत सव्वा इंच उंची जाते आणि संकनमध्ये तेवढी खोली लागते. लांबवलेला पाइप सपाट टाकला की सहा महिन्यांत तुंबायला लागतो.

कमोड घेताना एस ट्रॅप (तोंड खाली जमिनीत) की पी ट्रॅप (तोंड मागे भिंतीत), आणि एस ट्रॅप असेल तर भिंतीपासून ४, ९ की १२ इंच, हे तपासा. इथे हमखास होणारी चूक अशी: प्लंबर उघड्या विटेपासून ९ इंच मोजतो, त्यावर गिलावा आणि टाइल मिळून इंचभर चढतो आणि उरतात ८. मग कमोड पुढे सरकवून सांध्यात सिमेंट कोंबलं जातं आणि वास तिथूनच येतो. माप तयार भिंतीपासूनच घ्यायचं.

नाहणी ट्रॅपची जागा अंघोळीच्या कोपऱ्यात, दारापासून सगळ्यात लांब. पाणी दाराकडून आत वाहायला हवं. ट्रॅपमध्ये किमान दोन इंच पाण्याची सील राहील असा घ्या. बेसिनचं आणि मशीनचं सांडपाणी त्याच ट्रॅपमध्ये सोडलं की ती सील सुकत नाही, त्यामुळे वास आणि झुरळं वर येत नाहीत.

दार आत उघडत असेल आणि चौकट बदलायचीच असेल तर ते बाहेर उघडणारं करा. आत कोणी घसरून पडलं तर आत उघडणारं दार त्या माणसाच्या अंगामुळेच अडतं. लाकडी चौकट खालून कुजते, ग्रॅनाइटची टिकते.

पाण्याचा दाब मोजा, मग शॉवर निवडा

गच्चीवरच्या टाकीखाली दर १० मीटरला साधारण १ बार (दाबाचं एकक) दाब मिळतो. वरच्या मजल्यावर टाकी जेमतेम तीन मीटर वर असेल तर दाब ०.३ बारच्या आसपास. त्या दाबाला मोठा रेन शॉवर लावला तर पाणी नुसतं ठिबकतं. २० लिटरची बादली नळाखाली ठेवा आणि घड्याळ लावा. दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला १० लिटर, म्हणजे साध्या शॉवरला पुरेसं. चार मिनिटं लागली तर बूस्टर पंप तरी लावा, नाहीतर लहान तोंडाचा शॉवर घ्या. उलट, उंच इमारतीत खालच्या मजल्यावर दाब जास्त असतो, तिथे गीझर ८ बारचा घ्या.

बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर काचेच्या पार्टिशनचा विचार सोडून द्या. पांढरे डाग रोज पुसले तरच काच काच दिसते. त्याऐवजी साधा पडदा आणि अंघोळीच्या जागेला अर्ध्या-पाऊण इंचाची खाली उतरलेली पातळी पुरते. बादली-तांब्याने अंघोळ करणारं कोणी घरात असेल तर बादली आणि बसायचा पाट यांना २ बाय २ फूट मोकळे ठेवा. कॅटलॉगमधल्या चित्रात ही जागा कधीच नसते.

माल किती लागतो

भिंतींचा घेर २२ फूट, टाइल ७ फुटांपर्यंत: १५४ चौरस फूट. दार आणि खिडकी मिळून साधारण २० वजा केले की १३४. तूटफूट आणि कापणीला १० टक्के धरले तर १४७. १२ बाय १८ इंची टाइल दीड चौरस फुटांची, म्हणजे ९८ टाइल्स. पेटीत ६ असतील तर १७ पेट्या. फरशीला २८ चौरस फुटांसाठी १२ बाय १२ च्या ३२ घ्या. सगळ्या पेट्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे का ते दुकानातच पाहा. नंतर आणलेली पेटी त्याच डिझाइनची असूनही रंगाला वेगळी निघते. चार-पाच टाइल्स माळ्यावर ठेवून द्या.

फरशीला मोठी टाइल नको. २ बाय २ फुटांच्या टाइलला ट्रॅपकडे चारही बाजूंनी ढाळ देता येत नाही, ती तिरकी कापावी लागते आणि कडा वरखाली होतात. १२ इंची, खरखरीत, आर १० किंवा आर ११ दर्जाची (‘आर’ म्हणजे न घसरण्याचा दर्जा) घ्या. दुकानात टाइल ओली करून बोटाने घासून पाहा.

टाइल अॅडेसिव्हची (टाइल चिकटवायच्या तयार मसाल्याची) २० किलोची पिशवी सपाट गिलाव्यावर ५० चौरस फुटांच्या आसपास पुरते. भिंत आणि फरशी मिळून चार पिशव्या मागवा.

सगळा माल घरात आल्याशिवाय फोडायला सुरुवात करू नका. खास करून डायव्हर्टर (पाणी नळाला की शॉवरला ते ठरवणारी भिंतीतली कळ), कमोड आणि ट्रॅप, कारण पाइपची मापं त्यांच्यावरून ठरतात. डायव्हर्टर यायचा म्हणून आठ दिवस अडकलेली बाथरूम्स भरपूर असतात.

तोडफोड

आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद करून तो खरंच बंद होतो का पाहा. जुने गेट व्हॉल्व्ह फिरतात, पण पाणी थांबवत नाहीत. ट्रॅप आणि कमोडच्या पाइपची तोंडं गोणपाटाने नव्हे, प्लगने बंद करा. एक विटेचा तुकडा उभ्या पाइपमध्ये गेला तर अख्खी लाइन तुंबते.

कोबा काढताना मोठा ब्रेकर लावू देऊ नका. वरचा थर लहान मशीनने आणि स्लॅबजवळचे शेवटचे दोन इंच छिन्नी-हातोड्याने काढायचे. सळया उघड्या पडून गंजलेल्या दिसल्या तर घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरने भरा. गंज पसरलेला असेल तर काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. कॉलम किंवा बीममध्ये पाइपसाठी घळ घेऊ देऊ नका. गवंडी ‘थोडंसंच’ म्हणतील, तेवढंही नको.

फूटभर संकन पूर्ण काढला तर त्यातून जवळजवळ पाऊण घनमीटर कोबा निघतो, वजन दीड टनाच्या आसपास. भिंतीच्या टाइल्स धरून ६० ते ७५ गोण्या भरतात. गोण्या लिफ्टने नेता येतील का हे आधी विचारा. नाहीतर हमालीचा आकडा अंदाजपत्रकात नसतो आणि वाद तिथे होतो.

जुन्या टाइल्सवरच नव्या लावण्याचा सल्ला मिळतो. गळती नसेल, टाइल्स ठोकल्यावर पोकळ वाजत नसतील आणि भिंतीतली लाइन चांगली असेल तरच तो घ्या. लोखंडी जीआय लाइन असेल तर नकोच. ती आतून गंजत असते आणि नव्या टाइल्समागे फुटते.

वॉटरप्रूफिंग आणि पाण्याची परीक्षा

सबंध कामात मालकाने स्वतः उभं राहून पाहावं असं हे काम.

स्लॅब आणि बाजू घासून धुऊन घ्या. भेगा आणि पाइपभोवतीची जागा नॉन श्रिंक (वाळताना न आकसणाऱ्या) ग्राउटने भरा. जमीन आणि भिंत मिळते तिथे मॉर्टरची गोलाई, म्हणजे वाटा काढा. काटकोनात कोटिंग ताणलं जाऊन फाटतं, वाट्यावर फाटत नाही. नंतर पॉलिमर-सिमेंटचं दोन घटकी कोटिंग ब्रशने, दोन हात, एकमेकांना आडवे. कोपऱ्यात आणि पाइपभोवती पहिल्या हातावरच फायबरची जाळी दाबायची. दोन हातांमध्ये किती वेळ ठेवायचा ते पिशवीवर लिहिलेलं असतं, घाई करायची नाही. जमिनीवर २८ चौरस फूट, संकनच्या बाजू आणि फरशीवर एक फूट भिंत मिळून ४४, शिवाय अंघोळीच्या कोपऱ्यात सहा फुटांपर्यंत. एकूण साधारण ११० चौरस फूट. ‘बाथरूम २८ फुटांचं’ म्हणून २८ फुटांचाच माल आला असेल तर भिंती कोरड्याच राहणार आहेत हे ओळखा.

कोटिंग वाळल्यावर ट्रॅप बंद करा, दारात मॉर्टरचा छोटा बांध घाला, दोन इंच पाणी भरा आणि पातळीची पेन्सिलने खूण करा. ४८ तास ठेवा. काही मिलिमीटर उतरलं तर ते बाष्पीभवन. अर्धा इंच उतरलं तर कुठेतरी वाट आहे. खाली जाऊन, फोटो काढलेल्याच कोपऱ्यावर हात फिरवून पाहा. गळती निघाली तर कोटिंग पुन्हा, परीक्षा पुन्हा. मग कोबा भरा आणि त्यावर पुन्हा एकदा पाणी उभं करा. कंत्राटदार ही दुसरी परीक्षा टाळतो कारण त्यात दोन दिवस जातात. करारातच दोन परीक्षा लिहून घ्या आणि दुसरी झाल्यावरच मधला हप्ता द्या.

कोब्याचा ढाळ चार फुटांना अर्धा ते पाऊण इंच. हा ढाळ कोब्यातच द्यायचा. टाइलखालच्या मॉर्टरने ढाळ ‘काढून घेऊ’ म्हटलं की कोब्यावर साचलेलं पाणी खालीच राहतं आणि टाइल्सच्या सांध्यांतून वास येतो. तयार फरशी बाहेरच्या फरशीपेक्षा किमान अर्धा इंच खाली आणि दारात ग्रॅनाइटचा उंबरा.

नळाची लाइन

थंड-गरम दोन्हीला सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप). पाऊण इंची मुख्य लाइन, नळाच्या तोंडाला अर्धा इंच आणि आटे पितळेचे. गरम नळ डावीकडे, थंड उजवीकडे. सगळी उंची भिंतीवर लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मारलेल्या एकाच रेषेवरून मोजा, ओबडधोबड जमिनीवरून नको. तयार फरशीपासून साधारण उंची अशी: बादलीचा नळ २ फूट ते सव्वादोन, डायव्हर्टर साडेतीन, शॉवर पावणेसात ते सात, जेट स्प्रे २ फूट, बेसिनचे अँगल कॉक (बेसिनखालचे छोटे बंद-चालू करायचे कॉक) २२ इंच, बेसिनची वरची कडा ३२ ते ३३ इंच. घरातली माणसं बुटकी किंवा उंच असतील तर बेसिन त्यांना उभं करून ठरवा.

डायव्हर्टरच्या प्लास्टिकच्या टोपीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात. तयार टाइलचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. जास्त आत गेला तर मूठ बसत नाही, बाहेर आला तर पत्र्याची तबकडी भिंतीला टेकत नाही. म्हणून हातात टाइलचा तुकडा धरून खोली ठरवा.

गिलावा करण्यापूर्वी हातपंपाने ७ किलोच्या (साधारण ७ बारच्या) आसपास दाब भरा, काटा दोन तास हलता कामा नये, आणि रात्रभर तसाच ठेवा. मग प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो. पुढे आरसा लावताना ड्रिल कुठे मारायचं ते या फोटोंवरून कळतं.

वीज

१५ लिटरचा २ किलोवॉट गीझर साधारण ९ अँपिअर घेतो, ३ किलोवॉटचा इन्स्टंट १३. दोन्हीला स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिलिमीटर तांब्याची तार, १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच). गीझरचा मुख्य स्विच बाथरूमच्या बाहेर. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर या कामात तो बसवाच. टाइल्सवर वाचवलेले पैसे इथे घाला, इथे जीव वाचतो. अर्थिंग खरंच येतंय का ते मीटरने तपासून घ्या. जुन्या इमारतींत तिसरी पिन नुसती दाखवायला असते.

गॅस गीझर बाथरूममध्ये कधीही नको, खिडकी असली तरी नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद जागेत माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. बसवायचाच तर बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर.

६ इंची एक्झॉस्ट फॅन या आकाराला भरपूर होतो. दाराखाली अर्धा इंच फट ठेवा. आत हवा यायला वाट नसेल तर पंखा नुसता फिरतो.

टाइल्स

व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषत नाही, त्यामुळे सिमेंटच्या लगद्याने ती धरत नाही, काही वर्षांत सुटते. तिला अॅडेसिव्हच हवं. सिरॅमिक भिजवून सिमेंटवर लावता येते, पण अॅडेसिव्ह तिलाही चांगलं. दात्यांच्या थापीने पसरवायचं, पाच गोळे लावून दाबायचं नाही. गोळ्यांच्या मधल्या पोकळीत पाणी साचतं आणि टाइल ठोकल्यावर ढब्ब वाजते. दुसऱ्या दिवशी लाकडी दांड्याने सगळ्या टाइल्स वाजवून पाहा आणि पोकळ निघतील त्या तेव्हाच काढायला लावा.

कापलेली टाइल दाराच्या मागे किंवा कमोडच्या मागे जाईल, समोर दिसणाऱ्या कोपऱ्यात नाही, अशी आखणी सुरुवातीला करा. सांधा २ मिलिमीटर, स्पेसर लावूनच. फरशीला आणि अंघोळीच्या भिंतीला इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा पक्का मसाला), बाकी ठिकाणी साधा चालतो. इपॉक्सी लवकर घट्ट होतो, म्हणून एका वेळी थोडाच कालवायचा आणि लगेच पुसायचा. वाळलेला इपॉक्सी टाइलवरून निघत नाही. भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात, कमोडच्या तळाशी आणि बेसिनच्या मागे बुरशीरोधक सिलिकॉन.

दिवस

तोडफोड आणि डेब्रिज ३ दिवस, पाइप आणि दाबाची परीक्षा २, वॉटरप्रूफिंग आणि पहिली पाणी परीक्षा ५, कोबा आणि दुसरी परीक्षा ४, वायरिंग याच दरम्यान, टाइल्स ४, ग्राउट आणि वाळणं २, फिटिंग १. म्हणजे तीन आठवडे. ‘दहा दिवसांत देतो’ म्हणणारा यातले पाण्याच्या परीक्षेचे दिवस कापतोय, हे समजून घ्या. घरात दुसरं बाथरूम नसेल तर कमोड शेवटपर्यंत ठेवून चालणार नाही, शेजाऱ्यांशी किंवा नातेवाइकांशी आधीच बोलून ठेवा. पावसाळ्यात कोटिंग आणि कोबा वाळायला वेळ लागतो, म्हणून नोव्हेंबर ते मे बरा.

शेवटचा हप्ता, एकूण रकमेच्या १० टक्के तरी, वापर सुरू झाल्यावर महिनाभराने द्यायचा असं आधीच ठरवा. त्या महिन्यात गरम लाइन रोज तापते-थंड होते, सगळे सांधे एकदा ताणले जातात आणि अँगल कॉकखाली एखादा थेंब दिसायचा असेल तर तेव्हाच दिसतो. बेसिनखाली आणि कमोडमागे कोरडा टिश्यू पेपर रात्री ठेवा, सकाळी पाहा.